सणाची मोठी भेट मुलांना आधीच द्यावी का? पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सणाला अजून चार महिने असतात आणि मुलाला हवी असलेली वस्तू आज समोर दिसते. घ्यावी का? घेतली तर आजच द्यावी की कपाटावर लपवून ठेवावी? आज दिली तर सणाच्या दिवशी काय? लहान मुलांसोबत काम करताना हे प्रश्न मला पालक सतत विचारतात. माझं मत आधीच सांगते. काही भेटी लवकर देणंच शहाणपणाचं असतं. पण त्यासाठी मोठ्यांना एक गोष्ट जमावी लागते: जे ठरलं ते सणाच्या दिवशी पाळणं. ते जमणार नसेल तर थांबलेलं बरं.

आधी देणं म्हणजे नेमकं काय? ही जास्तीची भेट असते का?

नाही. सणाला जी एक मोठी वस्तू मिळणार होती तीच लवकर हातात देणं, एवढाच याचा अर्थ. सणाला पुन्हा तेवढ्याच तोलामोलाची दुसरी वस्तू येत नाही. हे घरातल्या प्रत्येकाला, मुलालासुद्धा, वस्तू हातात पडण्यापूर्वी ठाऊक असायला हवं. वस्तू देऊन झाल्यावर आठवड्याने ‘ही सणाचीच होती बरं का’ असं सांगितलं तर मुलाला फसवल्यासारखं वाटतं, आणि त्यात त्याचं काही चूक नसतं.

मुळात लवकर कशासाठी द्यायची? सण आहे की त्यासाठी.

कारण काही वस्तूंना त्यांची स्वतःची वेळ असते आणि ती कॅलेंडरमधल्या सणाशी जुळतेच असं नाही.

सायकल घ्या. ती शिकायला मोकळे दिवस लागतात, कोरडा रस्ता लागतो, संध्याकाळी उशिरापर्यंत उजेड लागतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला सायकल सणाला मिळायची होती. तिच्या आईबाबांनी ती शाळेच्या मोठ्या सुट्टीच्या सुरुवातीलाच दिली. पहिले काही दिवस बाबा सीट मागून धरून तिच्याबरोबर धावायचे आणि ती सारखी ओरडायची, ‘सोडू नका हं, बाबा, सोडू नका!’ एका संध्याकाळी त्यांनी न सांगता हात काढला. ती कोपऱ्यापर्यंत गेली, मागे वळून पाहिलं, बाबा लांब उभे दिसले आणि धपकन पडली. गुडघा सोलवटला. रडता रडता तिचा एकच प्रश्न चालला होता, ‘मी एकटीच आले ना इथपर्यंत?’ सण आला तोवर हँडलची रिबीन मळून गेली होती आणि घंटी वाजली की शेजारच्यांना न बघता कळायचं कोण आलंय. तीच सायकल शाळा, क्लास आणि लवकर पडणारा अंधार अशा दिवसांत मिळाली असती तर बरेच दिवस जिन्याखाली उभी राहिली असती.

दुसरं कारण मापाचं. पाच ते दहा वर्षांच्या दरम्यान मुलं वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतात, वयात येताना तर त्याहून झपाट्याने. सहा महिने लपवून ठेवलेले स्केट्स, बूट किंवा सायकल सणापर्यंत लहान होण्याची शक्यता खरीच असते. मुलांच्या सायकली चाकाच्या मापावर ओळखतात, १२, १६, २०, २४ इंच अशा. पण दुकानात चाकापेक्षा मुलाचे पाय बघा. नवशिक्या मुलाचे सीटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. ‘पुढे होईलच’ म्हणून मोठी सायकल घेऊ नका. जी आवरत नाही त्या सायकलवर मूल पडतं, घाबरतं आणि मग तिच्याकडे फिरकत नाही. मूल समोर असताना, आजच्या मापाची घ्यायची आणि आजच द्यायची, हे सगळ्यांत सरळ.

तिसरं कारण शिकण्याचं. वाद्याचा क्लास सुरू होतोय आणि वाद्य मात्र सणाला मिळणार, तर मधले महिने मूल कशावर रियाज करणार? दुर्बिणीचंही तसंच. शनी दर वर्षी काही आठवडे सूर्याच्या इतका जवळ असतो की दिसतच नाही. सण नेमका त्याच आठवड्यांत आला किंवा आकाश ढगाळ असण्याच्या दिवसांत आला, तर नवी दुर्बीण मिळूनही मुलाला त्यातून फारसं काही दिसणार नाही. शनी रात्रभर आकाशात असतो असा काळ दर वर्षी येतो, आणि तो साधारण ३७८ दिवसांनी परततो. म्हणजे एकदा हुकला की वर्षभर थांबायचं. अशा भेटीची तारीख आकाशानेच ठरवलेली असते.

मग कोणत्या भेटी आधी देऊ नयेत?

ज्या वापरायला सणच लागतो त्या. सगळी भावंडं, चुलत-मामे मंडळी जमल्यावर खेळायचा बैठा खेळ आधी देऊन काय उपयोग? नव्या कपड्यांचंही तेच.

सध्या वर्गात सगळ्यांकडे आहे म्हणून हवी असलेली वस्तूही थांबवावी. अशी लाट येते आणि जाते. चार महिन्यांनी मूल त्या वस्तूचं नावही काढत नसेल तर तुमचा खर्च वाचला, आणि अजूनही तीच हवी असेल तर ती खरंच हवी आहे हे कळलं.

मोबाइल, टॅबलेट, व्हिडिओ गेमचं यंत्र याबाबत मी फार सावध आहे. लांब सुट्टीच्या तोंडावर ही वस्तू हातात आली तर ती सुट्टी गिळून टाकते. सायकल सुट्टीत दिल्याने मूल घराबाहेर पडतं, स्क्रीन दिल्याने घरात बसतं. द्यायचीच असेल तर शाळेचं वेळापत्रक बसलेलं असताना द्या आणि वापराचे नियम खोकं उघडण्यापूर्वी ठरवा.

वाट पाहण्यात जी गंमत असते ती जाते ना?

हा आक्षेप मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण तो खरा आहे. वाट पाहण्याला स्वतःचा आनंद असतो. नेदरलँड्समध्ये हजारावर प्रौढ लोकांचा अभ्यास करून २०१० साली एक निबंध प्रसिद्ध झाला. सहलीला जाणारी माणसं निघण्यापूर्वी इतरांपेक्षा जास्त आनंदी होती, पण परत आल्यावर बहुतेकांचा आनंद इतरांइतकाच झालेला होता. सहलीचा आनंद बराचसा आधीच भोगून झालेला होता.

पण २०१४ मध्ये मानसशास्त्रज्ञ अमित कुमार, मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि थॉमस गिलोविच यांनी यातला एक बारकावा दाखवला. सहल, कार्यक्रम, भेटीगाठी अशा अनुभवांची वाट पाहणं माणसांना गोड वाटतं. वस्तूची वाट पाहण्यात मात्र अधीरपणा, चुळबुळ जास्त असते. हे अभ्यास मोठ्या माणसांवरचे आहेत, तरी मुलांकडे पाहिलं की पटतं. सहलीचा बेत ठरला की मूल आठवडाभर पिशवी भरतं, उपसतं, पुन्हा भरतं. कपाटात खोकं आहे हे कळलं की तेच मूल दिवसातून दहादा ‘आता देता का?’ विचारतं.

म्हणून माझा सल्ला असा की वाट पाहायला लावायची असेल तर अनुभवाची लावा. सण आपल्याकडे कोण कोण येणार, आपण मिळून काय करणार, रात्री किती वाजेपर्यंत जागणार याने भरा. मोठी वस्तू आधी हातात गेली तरी ही वाट शिल्लक राहते.

असं केलं तर मुलांना संयम कसा येणार? मागितलं की मिळालं अशी सवय लागेल.

संयमाचा विषय निघाला की स्टॅनफर्ड विद्यापीठातला प्रयोग कुणीतरी सांगतंच. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या बालवाडीतल्या मुलांपुढे एक खाऊ ठेवला आणि सांगितलं, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. जी मुलं थांबली ती पुढे आयुष्यात जास्त यशस्वी झाली, असं त्यावरून वर्षानुवर्षं सांगितलं गेलं आणि पालकांनी ते मनावर घेतलं.

ही गोष्ट इथे संपत नाही. २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९०० हून अधिक मुलांची माहिती घेऊन हेच तपासलं. थांबण्याचा आणि पुढच्या यशाचा संबंध त्यांना पूर्वीच्या मानाने साधारण निम्माच सापडला, आणि घरची परिस्थिती, आईचं शिक्षण वगैरे गोष्टी लक्षात घेतल्यावर तो आणखी बराच घटला.

मला मात्र सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो रॉचेस्टर विद्यापीठातल्या सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०१३ साली छापून आलेला प्रयोग. त्यांनी खाऊ देण्यापूर्वी मुलांना चित्र काढायला बसवलं आणि ‘थांब, मी तुला याहून छान रंग आणून देते’ असं सांगितलं. काही मुलांना खरंच छान रंग आणून दिले. काहींना परत येऊन ‘नाहीयेत गं माझ्याकडे’ अशा अर्थाचं सांगितलं. मग खाऊचा प्रयोग केला. ज्यांच्या बाबतीत शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांना शब्द देऊन मोडला होता ती जेमतेम ३ मिनिटं. मोठं माणूस बोललेलं करत नाही हे एकदा दिसल्यावर मूल का म्हणून थांबेल? समोर आहे ते उचलण्यातच त्याचा शहाणपणा होता.

तेव्हा संयमाची काळजी असेल तर भेट कधी दिली यापेक्षा तुम्ही बोललेलं घडतं का, याकडे पाहा. ‘सायकल सुट्टीत, सणाला दुसरं मोठं काही नाही’ असं सांगून तसंच वागलात तर मुलाला तुमच्या शब्दावर विसंबता येतं. ‘सणाला देऊ’ म्हणून ऐनवेळी ‘पुढच्या वर्षी बघू’ केलंत तर चार महिने थांबून त्याने काय मिळवलं?

किती वयाच्या मुलाशी असं ठरवता येतं?

चारेक वर्षांच्या मुलाला तीन आठवडे आणि तीन महिने यांतला फरक उमगत नाही. त्याच्यासाठी दोन्ही म्हणजे ‘आज नाही’. त्याच्याशी करार करण्याचा आव आणू नका. वस्तू आधी द्यायची असेल तर सरळ द्या, आणि सणाला त्याच्या हाती काहीतरी लहानसं पडेल अशी सोय करा. या वयात वस्तूच्या किमतीशी मुलाचं देणंघेणं नसतं.

पाच ते सात ही मधली वर्षं. मूल ‘हो’ म्हणतं, मनापासून म्हणतं, पण सणापर्यंत ते ‘हो’ विरून गेलेलं असतं. इथे कॅलेंडर, चित्र, कागद अशी आठवण राहील अशी वस्तू लागते.

आठ-नऊच्या पुढे मुलाला महिने मोजता येतात, आपणच निवडलं हे लक्षात राहतं आणि निवडीचा भार उचलताही येतो. इथे निर्णय त्याच्यावर सोपवावा. काही मुलं स्वतःहून सांगतात, ‘नको, मला सणालाच हवं.’ ते ऐकावं. ज्याला खोकं उघडण्याचा क्षण सणाच्याच दिवशी हवा असतो त्याला बळेच आधी देण्यात अर्थ नाही.

मुलाला नेमकं कसं सांगायचं?

थोड्या शब्दांत आणि वस्तू दाखवण्यापूर्वी. वस्तू समोर ठेवून विचारलं तर कुठलंही मूल कशालाही हो म्हणेल. मी साधारण असं बोलायला सांगते:

‘सणाला तुला दुर्बीण घ्यायची असं आमच्या मनात आहे. सुट्टीत आपण गावाबाहेर जाणार आहोत, तिथे रात्री आकाश चांगलं दिसतं. म्हणून आत्ताच घेता येईल. पण मग सणाला मोठी भेट नसेल. ताई तिची भेट त्या दिवशी उघडेल आणि तुझी आधीच झालेली असेल. तुला काय आवडेल? लगेच सांगू नकोस, दोन दिवस विचार कर.’

यातलं ताईचं वाक्य गाळू नका. सणाच्या दिवशी जे टोचणार आहे ते आधीच उघड बोललेलं बरं. आणि दोन दिवसांचा अवधी खरोखर द्या. पहिल्या दिवशी मूल उड्या मारतं, दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारतं. ते प्रश्न आले म्हणजे त्याला कळलं.

ठरल्यावर दोन ओळी लिहून काढा: काय मिळालं, कधी मिळालं, कशाची भेट म्हणून. मुलाला स्वतःच्या अक्षरात लिहू द्या, खाली सगळ्यांची नावं. तो कागद पाकिटात घालून सणाच्या सामानाबरोबर ठेवायचा. त्यासोबत भेट मिळाली त्या दिवशीचा एक फोटोही ठेवला तर फार छान.

सणाच्या दिवशी मग मुलाच्या हातात काय पडणार?

काहीतरी पडायलाच हवं. सगळे काही ना काही उघडताहेत आणि एक मूल हात मांडीवर ठेवून बसलंय, हे दृश्य कुठल्याही करारापेक्षा वाईट. पण जे पडेल ते लहान असावं आणि शक्यतो आधीच्या भेटीशी नातं सांगणारं. सायकलीला दिवा किंवा नवी घंटी. दुर्बिणीसोबत आकाशाचा नकाशा आणि निरीक्षणाची वही. वाद्यासाठी पिशवी. चित्रकलेच्या सामानासाठी चांगल्या कागदांचा गठ्ठा. मूल ते उघडतं आणि लगेच मोठ्या भेटीकडे धावतं, म्हणजे तीही त्या दिवसात सामील होते.

पाकीट याच वेळी उघडायचं. फोटो हातोहात फिरतो, ‘बघ, तेव्हा तुला पेडलपर्यंत पायही नीट पुरत नव्हता’ अशी बोलणी होतात. मधल्या महिन्यांत जे जमायला लागलं ते मुलाने सगळ्यांना दाखवावं: एक गाणं वाजवावं, एक फेरी मारावी, काढलेली चित्रं भिंतीला लावावीत. सणाच्या दिवशी खोकं उघडणाऱ्या भावंडाजवळ अजून दाखवायला काही नसतं, याच्याजवळ असतं. याचा अभिमान मुलाच्या चेहऱ्यावर दिसतो आणि तो घरातल्यांनी मोकळेपणाने कौतुक करून वाढवावा.

एवढं सगळं करूनही त्या दिवशी मूल हिरमुसलं, ‘मला काहीच नाही’ म्हणालं तर?

म्हणेल. बऱ्याचदा म्हणतंच. त्याचा अर्थ तुमचा निर्णय चुकला असा होत नाही आणि मूल कृतघ्न आहे असाही होत नाही. समोर कोणीतरी चकचकीत कागद फाडतंय आणि आपली भेट मातीने माखून बाहेर उभी आहे, याचं वाईट वाटणं साहजिक आहे.

अशा वेळी दोन गोष्टी टाळा. ‘तूच हो म्हणालास ना? मग आता का रडतोस?’ हे पहिलं. मुलाने कबूल केलं होतं ते भेटीचा क्रम बदलायला, वाईट न वाटून घ्यायला नाही. दुसरं म्हणजे घाईघाईने बाजारात जाऊन काहीतरी आणणं. हे फार मोहाचं असतं, कारण सणाच्या दिवशी मुलाचं रडणं कुणाला बघवतं? पण तेवढ्याने तुम्ही मुलाला शिकवता की ठरलेलं डोळ्यांतल्या पाण्याने मोडतं. पुढच्या वेळी तुमच्या ‘ठरलं’ला वजन राहणार नाही आणि मुलाच्या ‘हो’लाही.

जवळ घ्या. ‘वाईट वाटतंय ना? मलाही वाटलं असतं,’ एवढं म्हणा आणि थांबा. थोडा वेळ गेला की त्याला त्याच्या भेटीकडे घेऊन जा, बरोबर स्वतः जा. मोठं माणूस सोबत खेळायला आलं की बहुतेक मुलं लवकर सावरतात.

भावंडं असतील तर? एकाला आधी, दुसऱ्याला सणाला चालेल?

चालेल, पण दोघांसमोर एकाच वेळी सांगून. धाकट्याला आधी मिळालं आणि मोठीला कारण माहीतच नाही, तर ती चार महिने मनात धरून बसते. कारण सांगताना वस्तूचं सांगा, मुलाचं नको. ‘सायकल शिकायला सुट्टीच बरी’ हे मोठीला पटतं. ‘तो लहान आहे ना’ हे तिने आयुष्यभर ऐकलेलं असतं.

आधी मिळालेल्या वस्तूवर कुणाची मालकी, दुसऱ्याने ती कधी वापरायची, हेही त्याच बैठकीत ठरवून टाका. जुळ्यांच्या बाबतीत माझा आग्रह आहे की दोघांची वेळ एकच ठेवा, दोघांनाही आधी किंवा दोघांनाही सणाला.

आजी-आजोबा ऐकत नाहीत. सणाला पुन्हा मोठं काहीतरी घेऊन येतात.

प्रेमापोटी येतात, म्हणून हा प्रश्न नाजूक. त्यांना आयत्या वेळी अडवू नका. भेट आधी देतानाच त्यांना त्यात ओढा. सायकल आणायला आजोबांना सोबत न्या, पहिला हार आजीला घालू द्या, ‘ही आपल्या सगळ्यांकडून सणाची’ असं मुलासमोर त्यांच्याच तोंडून येऊ द्या. ज्याने शब्द स्वतः उच्चारला तो सहसा मोडत नाही. मामा, काका, आत्या यांना फोनवर एवढंच सांगा की यंदा मोठी भेट झाली आहे, तुम्ही सोबत एखादा दिवस घालवलात तर त्याला जास्त आवडेल. तरीही कुणी काही आणलंच तर मुलासमोर त्यावरून वाद नको.

मूल फार हट्ट करतंय. देऊनच टाकू का आता?

हट्टाच्या भरात नको. वस्तूची वेळ खरंच आली असली तरी त्या दिवशी नको. रडणं शांत होऊन चार दिवस जाऊ द्या, मग तुम्ही होऊन विषय काढा. एकच वस्तू, एकच महिना, पण रडल्यामुळे मिळाली की विचार करून मिळाली, यातला फरक मूल बरोबर टिपतं.

मार्कांशीही जोडू नका. सणाची भेट मूल या घरातलं आहे म्हणून मिळते, ती कमवावी लागत नाही. एकदा ती परीक्षेच्या निकालाला बांधली की कमी मार्क पडलेल्या मुलाचा सणही जातो.

आधी दिलेली वस्तू सणापर्यंत मोडली, हरवली किंवा मुलाला तिचा कंटाळा आला तर?

नव्याचे नऊ दिवस सगळ्याच वस्तूंच्या वाट्याला येतात, मग त्या केव्हाही द्या. सणाला दिलेल्या वस्तूचा कंटाळा सणानंतर येतो, आधी दिलेलीचा सणाआधी. आपल्याला तो सणाच्या दिवशी दिसतो म्हणून जास्त खुपतो.

मोडली तर दुरुस्त करा, मुलाला सोबत बसवून. हरवली तर हरवली. त्याबदल्यात सणाला दुसरी आणू नका, पण टोमणेही मारू नका. कंटाळा आला असेल तर वस्तू काही आठवडे नजरेआड ठेवून पाहा. घरात एका वेळी कमी खेळणी बाहेर असली की मुलं त्यांच्याशी जास्त रमतात. अमेरिकेतल्या टोलिडो विद्यापीठातल्या २०१८ च्या एका छोट्या अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी दिली होती. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. एक मोठी भेट आधी आणि सणाला लहानशी, असं केल्याने सणाच्या दिवशी होणारा वस्तूंचा ढिगाराही कमी होतो. मला हा या पद्धतीचा मोठा फायदा वाटतो.

सवलतीत मिळाली म्हणून आधीच घेऊन ठेवली. लपवून ठेवावी की देऊन टाकावी?

खेळ, पुस्तकं, कपडे असतील तर खुशाल ठेवा, फक्त माप बघा. बॅटरीवर चालणारी किंवा यंत्राची वस्तू असेल तर आधी उघडून तपासा. वॉरंटी बहुतेक वेळा खरेदीच्या तारखेपासून मोजतात आणि बदलून देण्याची मुदत त्याहून खूप कमी असते. चार महिन्यांनी खोकं उघडल्यावर दोष निघाला तर मुलाचा सणही गेला आणि बदलून मिळण्याची संधीही. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडून राहिली तर खराब होऊ शकते, म्हणून साधारण अर्धी चार्ज करून थंड, कोरड्या जागी ठेवावी.

आणि एक गोष्ट अगदी डोळ्यांत तेल घालून बघा. खेळण्यात, रिमोटमध्ये, वाजणाऱ्या पुस्तकात बटनाच्या आकाराची चपटी बॅटरी आहे का? असेल तर तिचं झाकण स्क्रूने घट्ट बसवलेलं हवं. लहान मुलाने ती गिळली तर दोन तासांच्या आत अन्ननलिकेला गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न पाहता रुग्णालयात न्यायचं. घरात रांगतं मूल असेल तर लपवून ठेवलेलं खोकंही त्याच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

सणाच्या दिवशी बाबा किंवा आई घरी नसणार. ते असताना आधी द्यावी का?

हो, नक्की. कामासाठी लांब असणारे, सणाच्या दिवशी कामाची पाळी असणारे, वेगळे राहणारे आई-बाबा यांच्यासाठी तर ही पद्धत वरदान आहे. मुलाला भेट देणाऱ्यासोबत ती उघडायची असते. सणाच्या दिवशी फोनच्या पडद्यावरून बघितलेलं खोकं आणि बाबांनी शेजारी बसून जोडून दिलेली आगगाडी यांत तुलनाच नाही. आई-बाबा वेगळे राहत असतील तर एवढं कराच: काय दिलं ते दुसऱ्या घरी कळवा. दोन्हीकडून मोठ्या भेटींची चढाओढ लागली की त्यात भरडलं जातं ते मूल.

एकदा असं केलं की दरवर्षी मागेल का?

मागेल, आणि दरवर्षी उत्तर वेगळं असू शकतं. ‘या वर्षीच्या भेटीला आधी मिळण्याची गरज आहे का?’ हा प्रश्न मुलालाच विचारा. दहा वर्षांचं मूल प्रामाणिकपणे ‘नाही, मला फक्त लवकर हवंय’ असं सांगू शकतं. तसं त्याने सांगितलं की त्याचं कौतुक करा आणि भेट सणाला द्या.

सणासाठी लपवलेली वस्तू मुलाने आधीच शोधून काढली. आता?

खोटं बोलू नका. ‘ती शेजारच्यांची आहे’ वगैरे सांगितलं तर चार महिने ते निभवावं लागतं आणि मूल पहिल्या मिनिटालाच ओळखतं. सापडली हे मान्य करा, मग वर सांगितलेला विचार तुम्हीही करा: या वस्तूची वेळ आत्ता आहे का? असेल तर दोन दिवसांनी बसून ठरवा आणि द्या. नसेल तर ‘हो, ही तुझीच आहे, सणाला मिळेल’ असं सांगून मुलासमोरच कुलपात ठेवा आणि त्या दिवशी, सकाळीच, द्यायला विसरू नका.